दारातून परत पाठवलेला रुग्ण आणि आरोग्याचा हक्क : जबाबदारी नेमकी कोणाची?

करवीरवासी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाला शेतात घोणस चावली. आमचे मूळ गाव पन्हाळा तालुक्यात आहे. त्या आठवड्यात शेतीपंपांना रात्रीची वीज होती, त्यामुळे उसाला पाणी पाजण्यासाठी तो अकराच्या सुमारास बॅटरी घेऊन एकटाच गेला होता. बांधावरून उतरताना घोट्याजवळ चावा बसला. शेजारच्या शेतातल्या दोघांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून रस्त्यापर्यंत आणले आणि तेथून गावातल्या एकाच्या जीपमधून सगळे कोल्हापूरकडे निघाले. वाटेत त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, म्हणून रस्त्यालगत दिसलेल्या पहिल्या खासगी रुग्णालयाच्या दारात त्यांनी गाडी थांबवली.

काउंटरवर आधी तीस हजार रुपये डिपॉझिट भरण्यास सांगण्यात आले. वहिनींजवळ दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलाचे दोन हजार सातशे रुपये होते. उरलेले पैसे सकाळी आणून देतो, हवे तर गळ्यातले ठेवून घ्या, असे त्या म्हणाल्या. रात्री व्यवस्थापनाच्या परवानगीशिवाय दाखल करून घेता येत नाही, तुम्ही सरकारी दवाखान्यात जा, असे उत्तर आले. डॉक्टर खाली आले नाहीत. कोणी नाडी पाहिली नाही, रक्तदाब मोजला नाही, रुग्ण किती वाजता आला होता एवढेही कागदावर लिहून दिले नाही. विनवण्या आणि फोनाफोनीत पाऊण तास गेला.

मी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयात, पोहोचलो तेव्हा जीप नुकतीच आत आली होती. अपघात विभागातल्या तरुण निवासी डॉक्टरांनी त्याच्या हातातून थोडे रक्त काढून एका कोरड्या काचेच्या नळीत घेतले, नळी टेबलावर उभी ठेवली, तिला कोणी हात लावू नये असे बजावले आणि भिंतीवरचे घड्याळ पाहिले. वीस मिनिटांनी त्यांनी नळी हळूच तिरकी केली. एव्हाना रक्ताची गाठ बनायला हवी होती. ते पाण्यासारखे नळीच्या कडेने वाहिले. घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवलेली असते, ती अशी कळते. लगेच प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू झाल्या. पुढे मूत्रपिंडे थकली आणि डायलिसिस करावे लागले. भाऊ वाचला आहे.

त्या नळीचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. काचेची एक नळी, एक घड्याळ आणि वीस मिनिटे थांबणारा एक माणूस, एवढ्यावर ते निदान झाले. म्हणजे पहिल्या दारात त्याला जे नाकारले गेले, ते महागडे यंत्र किंवा दुर्मीळ तज्ज्ञ नव्हते. त्याच्याकडे एकदा पाहण्याचेच नाकारले गेले.

आरोग्य हा मूलभूत मानवी हक्क आहे, हे वाक्य आपण ऐकत मोठे झालो. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत ते १९४६ सालापासून आहे. त्याच वर्षी आपल्याकडे भोर समितीने अहवाल दिला आणि पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय उपचारांना मुकता कामा नये, हे तत्त्व मांडले. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पंचविसाव्या अनुच्छेदातही वैद्यकीय सेवेचा उल्लेख आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९मध्ये सामील झाला. एवढे सगळे कागदावर असताना त्या रात्री वहिनींनी कोणाला जाब विचारायला हवा होता, हे मला सांगता आले नाही.

आपण कोल्हापूरकर आहोत, म्हणून एका गोष्टीची आठवण करून देतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. १९१९मध्ये त्यांनी संस्थानातील रुग्णालयांसाठी हुकूम काढला की, अस्पृश्य मानल्या गेलेल्या रुग्णांना इतरांसारखीच आणि आपुलकीची वागणूक मिळाली पाहिजे, आणि ज्या कर्मचाऱ्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला निवृत्तिवेतन मिळणार नाही. मिरजेच्या अमेरिकन मिशनच्या दवाखान्यातील समान वागणुकीचा आदर्श त्यांच्यासमोर होता. या हुकुमात रुग्णाचा हक्क ज्याच्यावर बंधनकारक आहे तो माणूस स्पष्ट दिसतो, आणि त्याने कसूर केल्यास काय होईल तेही दिसते. आजच्या आपल्या व्यवस्थेत हा माणूस कोण आहे? डॉक्टर, वकील, परिचारिका, आशाताई असे अनेक जण येथे आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. त्या रुग्णालयाचे नाव मी लिहिणार नाही आणि कृपया कोणी विचारू नये.

दसरा_चौक

करवीरवासी, आपल्या भावाला लवकर बरे वाटो. मी वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

आरोग्याचा हक्क आपल्या राज्यघटनेत स्वतंत्रपणे लिहिलेला नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे ४७व्या अनुच्छेदात म्हटले आहे, परंतु ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या आधारे थेट न्यायालयात जाता येत नाही. जे काही मिळाले आहे ते सर्वोच्च न्यायालयाने २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा अर्थ विस्तारत नेल्यामुळे मिळाले आहे. १९८९च्या परमानंद कटारा खटल्याच्या मुळाशी वाहनाच्या धडकेने जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराची बातमी होती. जवळच्या रुग्णालयाने, हे पोलिसांचे प्रकरण आहे, असे सांगून त्याला वीस किलोमीटर दूर पाठवले आणि तो वाटेतच मरण पावला. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे आणि कागदपत्रांच्या पूर्ततेसाठी उपचार थांबवता येणार नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दुसरा निकाल १९९६चा, पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा. १९९२मध्ये रेल्वेगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही असे सांगून परत पाठवले आणि अखेर त्याला खासगी रुग्णालयात पदरच्या पैशाने उपचार घ्यावे लागले. न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई देवविली. पैशाची अडचण ही राज्याला या जबाबदारीतून सुटण्याची सबब होऊ शकत नाही, हे त्या निकालाचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वाक्य आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. सरकारी दवाखान्याने नाकारले तर २१व्या अनुच्छेदाखाली शासनाला जाब विचारता येतो. खासगी रुग्णालयाच्या बाबतीत मार्ग अधिक वळणाचा आहे : ग्राहक आयोग, वैद्यकीय परिषद, आणि नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालील स्थानिक प्राधिकरण. तो कायदा १९४९चा आहे. २०२१मध्ये त्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. केंद्राचा २०१०चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल तर गोष्ट वेगळी. १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्यातील कलम ४१कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात, आणि आणीबाणीत आलेल्या रुग्णाकडे अनामत रक्कम न मागता आधी उपचार करायचे असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. पाटीवर न्यासाचे नाव आहे का, एवढे आधी पाहावे आणि तसे असेल तर धर्मादाय सहआयुक्तांकडे लेखी तक्रार करावी.

गडहिंग्लजचा_डॉक्टर

मी गेली एकोणीस वर्षे गडहिंग्लज भागात बारा खाटांचे रुग्णालय चालवतो. त्या रात्री जे घडले ते चुकीचेच होते, हे आधी निःसंदिग्धपणे लिहितो. सर्पदंशाचा रुग्ण दारात आला की त्याला आत घ्यावे, पहिली मात्रा सुरू करावी, नातेवाइकांना काय होऊ शकते ते सांगावे आणि पुढे पाठवायचेच असेल तर पुढच्या डॉक्टरांना फोन करून, कागदावर वेळ आणि दिलेले औषध लिहून पाठवावे. एवढे करायला बारा खाटाही लागत नाहीत.

परंतु हक्काची भाषा करताना बिल कोणाच्या नावावर फाडायचे, हे त्याच वाक्यात सांगितले पाहिजे. माझ्याकडे रात्री येणाऱ्यांपैकी काहींचे पैसे कधीच येत नाहीत आणि मी ते मागायलाही जात नाही, कारण ऊस तोडणाऱ्या माणसाच्या कोपीवर जाऊन काय मागणार? तो माझ्या मनाचा निर्णय आहे. उद्या हे कायद्याने बंधनकारक होणार असेल आणि त्याची भरपाई शासन देणार नसेल, तर लहान रुग्णालये बंद पडतील आणि गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यात रात्री उघडे असलेले दार आणखी कमी होईल.

राजस्थानात हीच भीती पुढे आली. २१ मार्च २०२३ रोजी तेथील विधानसभेने आरोग्य हक्काचे विधेयक मंजूर केले. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य. तेथील खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, दोन आठवडे दवाखाने बंद राहिले आणि शेवटी पन्नासपेक्षा कमी खाटांची, तसेच शासनाकडून जमीन वा सवलत न घेतलेली खासगी रुग्णालये वगळण्याची तडजोड झाली. माझ्या व्यवसायबंधूंनी त्या काळात जी भाषा वापरली ती सगळीच मला पटली नाही, पण त्यांची भीती खोटी नव्हती. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के होता, आणि तेही कोरोनाच्या काळातले वर्ष. त्याच वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के वाटा लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. २०१३-१४मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा झाली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

करवीरवासी

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. आपले म्हणणे मला मान्य आहे आणि म्हणूनच मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. रुग्णाला आत घेणे, त्याची स्थिती स्थिर करणे आणि नीट पुढे पाठवणे ही जबाबदारी दारात असलेल्या डॉक्टरांची. त्याचा खर्च भरून देण्याची जबाबदारी शासनाची, तीही ठरावीक मुदतीत. खर्चाचा वाद शासन आणि रुग्णालय यांच्यात चालू द्यावा. तो जीपमध्ये पडलेल्या माणसाच्या अंगावर चालू नये. शाहू महाराजांनी पालकाला दंड ठेवला तेव्हा शाळेचा खर्च पालकावर टाकला नव्हता.

सिस्टर_रात्रपाळी

मी एका शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे. कोणते ते लिहीत नाही. करवीरवासी यांनी नळीबद्दल जे लिहिले ते वाचून बरे वाटले, कारण रात्री तीन वाजता ती वीस मिनिटे आम्ही कशी सांभाळतो ते सहसा कोणी पाहत नाही. नळी टेबलावर असते, तेवढ्यात दुसऱ्या खाटेवरचे सलाइन संपते, तिसऱ्याचा नातेवाईक ओरडत येतो, आणि नळीला कोणाचा धक्का लागला तर पुन्हा वीस मिनिटे. नळी डिटर्जंटने धुतलेली असली तरी निकाल चुकतो, म्हणून आम्ही अशा नळ्या वेगळ्या डब्यात ठेवतो.

मला एवढेच सांगायचे आहे की, हक्क हा शब्द रुग्णाच्या तोंडी आला की समोर बहुधा आम्हीच असतो. कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये काय किंवा इतर मोठ्या शासकीय रुग्णालयांत काय, फक्त जिल्ह्यातले रुग्ण येत नाहीत. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि बेळगाव भागातूनही येतात. एक खाट दोघांना द्यावी लागते तेव्हा दोघांचाही हक्क खरा असतो. "हे औषध बाहेरून आणा" अशी चिठ्ठी लिहिताना माझा हात जड होतो, कारण ती चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानाकडे जाणारी बाई पायऱ्यांवर थांबून पदराची गाठ सोडताना मला खिडकीतून दिसते. ती चिठ्ठी लिहावी लागली म्हणून जाब विचारायचा असेल तर तो खरेदीची मागणी ज्या टेबलावर अडली त्या टेबलाला विचारावा. वॉर्डातल्या सिस्टरवर हात उगारून तो मिळत नाही. १९१९चा हुकूम आजही लागू व्हावा असे मला वाटते. आम्हीही त्याला बांधील राहू. मात्र त्यात रिकामी पदे वेळेत न भरणाऱ्यालाही सहा आठवड्यांची मुदत असावी.

माग_आणि_माणूस

इचलकरंजीहून लिहीत आहे. माझे वडील बत्तीस वर्षे यंत्रमागावर होते आणि त्यांच्या छातीत कापसाचे तंतू बसून बसून जिना चढणे त्यांना अशक्य झाले होते. कामगार राज्य विमा योजना १९४८च्या कायद्याने आली. दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आणि नोंदणी झालेल्या आस्थापनेत दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्याला तिचा लाभ मिळतो, आणि ज्याला मिळतो त्याच्या घरच्यांनाही उपचार मिळतात. योजना चांगली आहे. वडिलांचा कारखाना मात्र चार-चार, सहा-सहा मागांच्या वेगवेगळ्या शेडमध्ये वाटलेला होता आणि हजेरीपुस्तकात त्यांचे नाव कधी आलेच नाही. त्यांचा खोकला मात्र एकाच कारखान्याचा होता.

म्हणून मला वाटते की, नोकरीमुळे, रेशनकार्डाच्या रंगामुळे किंवा उत्पन्नाच्या दाखल्यामुळे जे मिळते त्याला हक्क म्हणू नये. तो लाभ आहे. माणूस आजारी आहे, एवढी एकच अट ज्याला आहे तो हक्क.

राधानगरी_मार्ग

सर्वांच्या भावनेचा आदर ठेवून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. शिक्षणाच्या हक्काचे काय झाले ते पाहा. २००२मध्ये घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद २१क आला, २००९मध्ये कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. तरीही आमच्या भागातल्या वाड्यावस्त्यांवर एकशिक्षकी शाळा आहेत. हक्क लिहिल्याने शिक्षक उगवले नाहीत. हक्क लिहिल्याने डॉक्टरही उगवणार नाहीत. डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे, सपाटीला तीस हजारांमागे एक. परंतु दाजीपूरच्या जंगलपट्ट्यात किंवा गगनबावड्यात पावसाळ्यात लोकसंख्येपेक्षा ओढ्याचे पाणी जास्त मोजावे लागते. २०१९ आणि २०२१च्या महापुरात तर कोल्हापूर शहराकडे येणारे रस्तेच पाण्याखाली होते. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. त्याचा हक्क कोणत्या राज्याच्या दारात उभा राहणार? आधी आरोग्य केंद्रात डॉक्टर मुक्कामी राहू द्या, त्याच्या राहण्याच्या घराला छप्पर द्या, प्रतिसर्पविष फ्रीजमध्ये असू द्या. घटनेतल्या शब्दांचे नंतर पाहू.

दसरा_चौक

राधानगरी_मार्ग, आपण दिलेल्या उदाहरणातूनच मी उलट निष्कर्ष काढतो. २१क आल्यामुळे शाळा नसलेल्या वस्तीवरचा पालक आज न्यायालयात उभा राहू शकतो आणि शासनाला उत्तर द्यावे लागते. फ्रीजमध्ये प्रतिसर्पविष नसेल तर आज आपण काय करतो? निवेदन देतो. निवेदनाची पोच मिळते. २०१५च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्य हा न्यायालयात मागता येणारा हक्क करावा, असा प्रस्ताव होता. २०१७मध्ये धोरण अंतिम झाले तेव्हा तो गळाला आणि त्याची जागा आश्वासनाने घेतली. कारण आपण देता तेच दिले गेले, आधी व्यवस्था उभी राहू द्या. भोर समितीला ऐंशीच्या घरात वर्षे झाली. "आधी" किती लांबवायचे, याला काही मर्यादा हवी.

राधानगरी_मार्ग

दसरा_चौक, आपला मुद्दा समजला. पण न्यायालयात उभे राहण्यासाठी रोजगार बुडवून कोल्हापूरला येणारा पालक मी अजून पाहिलेला नाही. माझे मत कायम आहे. मात्र औषधसाठ्याची माहिती लोकांना मिळण्याचा हक्क आधी द्यावा, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा राहील.

आशाताई_शाहूवाडी

मी शाहूवाडी तालुक्यात आशा म्हणून काम करते. मोठ्या चर्चेत कामाच्या चार गोष्टी सांगते, कारण अनेकांना त्या ऐनवेळी कळतात.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. गरोदर मातेसाठी १०२. सर्पदंश झाल्यावर पाय करकचून बांधू नये, चिरू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. पाय मोडल्यावर आधार देतो तसा फळीचा आधार द्यावा आणि रुग्णाला चालवू नये. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे असल्याने ती त्या निर्णयात नव्हती, हा फरक लोकांना ठाऊक नसतो आणि मग काउंटरवर वाद होतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा सगळ्याच शिधापत्रिकाधारकांना आहे आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटावे. घर विभक्त झाले की शिधापत्रिकाही लगेच वेगळी करून घ्यावी आणि आधारवरचे नाव व शिधापत्रिकेवरचे नाव अक्षरन् अक्षर जुळते का, हे आजारी पडायच्या आधी पाहावे. करवीरवासी दादा, तुमच्या भावाच्या कागदांचे काय झाले?

करवीरवासी

आशाताई, तुम्ही नेमके दुखणे ओळखले. भावाचे नाव शिधापत्रिकेवर ऱ्हस्व उकाराने आणि आधारवर दीर्घ उकाराने आहे. शिवाय शिधापत्रिका अजून आजोबांच्या काळातली एकत्र. उपचार कोणी थांबवले नाहीत आणि आरोग्यमित्रांनी मनापासून मदत केली, पण तलाठी, पुरवठा शाखा आणि ग्रामपंचायत यांच्यात वहिनींचे तीन दिवस गेले. नवऱ्याच्या मानेत डायलिसिसची नळी असताना त्या एका उकारासाठी फिरत होत्या. माग_आणि_माणूस यांनी लाभ आणि हक्क यांत जो फरक सांगितला तो मला या तीन दिवसांत पुरता समजला.

सिस्टर, आपले म्हणणे मी भावाच्या घरी वाचून दाखवले. त्या रात्री आमच्यातल्याच एकाने वॉर्डात आवाज चढवला होता. त्याने आपली क्षमा मागावी असे वहिनींनी सांगितले आहे. ती येथे लिहून पोहोचवतो.

दसरा_चौक यांच्या सूचनेप्रमाणे पाटी पाहून आलो. न्यासाचे नाव नाही, त्यामुळे धर्मादाय मार्ग बंद आहे. दर्शनी भागात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद मला दिसली नाही. स्थानिक नोंदणी प्राधिकरणाकडे दोन पानांचा लेखी अर्ज दिला आहे. त्यात भरपाई मागितलेली नाही. आणीबाणीत आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या येण्याची वेळ, त्याला पाहणाऱ्याचे नाव आणि पुढे पाठवल्यास त्याचे कारण लिहून देणे बंधनकारक करावे, एवढीच मागणी आहे. डॉक्टरसाहेबांनी मसुदा वाचून दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्या घेतल्या आहेत.

दुसरा अर्ज गावासाठी आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने सर्पदंशाची प्रत्येक घटना कळवणे आवश्यक मानावे असे राज्यांना लिहिले आहे आणि सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडाही आहे. त्याच्या आधारे आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाहेर फळा लावून घ्यायचा आहे : आज प्रतिसर्पविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत, रात्री कोण हजर आहे आणि त्यांचा दूरध्वनी क्रमांक. राधानगरी_मार्ग, हा फळा आपल्याच मुद्द्यातून सुचला, म्हणून ठरावाच्या मसुद्यावर आपली नजर फिरली तर बरे होईल. शेतीपंपांना दिवसा वीज मिळण्याचा ठरावही त्याच ग्रामसभेत मांडत आहोत.

भावाच्या मानेतली नळी सोमवारी काढली. लघवी पूर्ववत होत आहे, मूत्रपिंडे थकली की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन उतरत आहे आणि पुढची तपासणी पंधरा दिवसांनी आहे. ग्रामसभा येत्या रविवारी सकाळी दहाला मारुतीच्या देवळात आहे. पन्हाळा भागातले जे कोणी येऊ शकतील त्यांनी येथे कळवावे. दोन्ही अर्जांच्या प्रती मी सोबत आणतो.